वंध्यत्व आणि प्रजनन हार्मोन्सच्या शाखेत करिअर करायचंय? कुठून सुरुवात करायची, कुठे जपायचं

एमबीबीएसची मुलं, इंटर्नशिप संपत आलेले ज्युनियर, आणि बारावीच्या मुलीला सोबत घेऊन आलेले आईवडील, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो : "आयव्हीएफचं डॉक्टर व्हायचं तर काय करावं लागतं?" मी स्त्रीरोगशास्त्रातून या शाखेत आले. त्या वेळी ही माहिती एका जागी मिळत नव्हती. सीनियरना विचार, कुणाकडून तरी माहितीपुस्तिका मागव, असं करत रस्ता काढावा लागला. तुमची ती वणवण वाचावी म्हणून क्रमाने सगळं लिहिते आहे.

माझं एक ठाम मत आधीच सांगते. या शाखेत यायची घाई करू नका, आधी मूळ शाखा पक्की करा. ज्याला पाळीचं चक्र, थायरॉइड आणि साधी सोनोग्राफी नीट कळते, तोच पुढे चांगला आयव्हीएफतज्ज्ञ होतो. उलट क्रमाने गेलेल्यांकडे प्रत्येक जोडप्यासाठी एकच उत्तर असतं, आणि ते सगळ्यात महाग असतं.

1. आधी हे काम जवळून बघा

इंटर्नशिपमध्ये किंवा सुट्टीत, ओळखीच्या डॉक्टरांची परवानगी घेऊन निदान काही दिवस वंध्यत्वाच्या ओपीडीत बसा. काय दिसेल ते सांगते.

जोडपं येतं, बरोबर बहुतेक वेळा सासूबाई किंवा आई असते. बायकोची फाइल जाडजूड : सोनोग्राफीचे ढीगभर रिपोर्ट, एचएसजी (गर्भनलिका उघड्या आहेत का हे पाहणारा एक्स-रे), कधी दुर्बिणीतून केलेली तपासणी. नवऱ्याची मात्र वीर्याची साधी तपासणीसुद्धा झालेली नसते. मूल न होण्यामागे जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकट्याचं किंवा बायकोच्या कारणाच्या जोडीने. तरीही बोल बाईलाच लागतो. हे बदलायचं काम तुमचं असणार आहे, आणि ते औषधांनी होत नाही, बोलून होतं. खुर्च्या कशा मांडायच्या, आधी कुणाशी बोलायचं, सासूबाईंना न दुखवता बाहेर कसं बसवायचं, हे या शाखेत शिकावंच लागतं.

दुसरी गोष्ट म्हणजे हार्मोन्सचा शोध. समजा, एका बाईंचं प्रोलॅक्टिन वाढलेलं आहे. नवखा डॉक्टर लगेच मेंदूचा एमआरआय लिहून देतो. अनुभवी डॉक्टर आधी विचारतो, "ॲसिडिटीची गोळी घेता का?" कारण आपल्याकडे गॅसच्या गोळीत पुष्कळदा डॉमपेरिडॉन असतं आणि त्याने प्रोलॅक्टिन वाढतं. मग तो टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी बघतो, कारण थायरॉइड कमी असलं तरीही प्रोलॅक्टिन वर जातं. मानसिक आजाराची औषधं चालू आहेत का, तेही विचारतो. एमआरआयचा नंबर या सगळ्यानंतर. पुरुषांमध्येही तसंच. जिममध्ये जाणारा धडधाकट तरुण, शुक्रजंतू शून्य. खोदून विचारलं की कळतं, कुणाच्या तरी सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं चालू आहेत. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदू एलएच आणि एफएसएच ही वृषणाला चालना देणारी हार्मोन्स पाठवणं थांबवतो आणि वृषणातलं उत्पादन बंद पडतं. इंजेक्शनं बंद केल्यावर काही महिन्यांत बहुतेकांचं उत्पादन पुन्हा सुरू होतं. अशा केसमध्ये तुम्हाला मजा येत असेल, तर ही शाखा तुमची आहे.

तिसरी गोष्ट वेळेची. स्त्रीबीजं काढण्याची प्रक्रिया, म्हणजे ओव्हम पिकअप, ट्रिगरच्या (स्त्रीबीजं पक्व करणाऱ्या) इंजेक्शननंतर साधारण 34 ते 36 तासांनी करावी लागते. सोमवारी सकाळी नऊला पिकअप असेल तर शनिवारी रात्री दहाला ट्रिगर. तो चुकला तर उपचाराचं सगळं चक्र वाया जाऊ शकतं. त्यामुळे शनिवारी रात्री दहाला पेशंटला फोन करून "इंजेक्शन घेतलंत ना?" असं विचारणं हा कामाचाच भाग. बाळंतपणाच्या मानाने रात्रीच्या इमर्जन्सी कमी, हे खरं. पण सणवार आणि रविवार स्त्रीबीजं बघत नाहीत.

आणि निकालाचा दिवस. बीटा एचसीजीचा (गर्भ राहिला का हे सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट निगेटिव्ह आलेल्या बाईला ते कसं सांगायचं, हे आधी कुणाला तरी सांगताना पाहून ठेवा. ते सोसवेल का, हे स्वतःला आत्ताच विचारा.

2. चार दारं आहेत, आपलं कोणतं ते ठरवा

*स्त्रीरोगशास्त्र.* हा सगळ्यात रुळलेला रस्ता. एमएस किंवा डीएनबी ओबीजी (प्रसूती आणि स्त्रीरोगशास्त्राची पदव्युत्तर पदवी), त्यानंतर प्रजनन वैद्यक. ओव्हम पिकअप, एम्ब्रियो ट्रान्स्फर (तयार गर्भ गर्भाशयात सोडणं), दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया या हातांच्या कामाची आवड असेल तर हेच दार.

*एंडोक्रायनॉलॉजी.* म्हणजे हार्मोन्सच्या आजारांची शाखा. एमडी मेडिसिन किंवा एमडी पीडियाट्रिक्सनंतर डीएम ही अतिविशेष पदवी. महाराष्ट्रात मुंबईच्या केईएम रुग्णालयाचा विभाग यासाठी नावाजलेला आहे. इथे तुम्ही आयव्हीएफ करणार नाही. पीसीओएस, लवकर किंवा उशिरा वयात येणारी मुलं, टर्नर आणि क्लाइनफेल्टर सिंड्रोम, पिट्यूटरीचे आजार, अकाली रजोनिवृत्ती, ट्रान्सजेंडर व्यक्तींचे हार्मोन उपचार हे तुमचं क्षेत्र. शस्त्रक्रिया नको, पण विचार करायला लावणारं काम हवं, अशांना हे दार मी आवर्जून सुचवते. "मला प्रजनन हार्मोन्समध्ये रस आहे" म्हणणाऱ्या अनेकांना खरं तर हेच हवं असतं आणि ते उगाच स्त्रीरोगशास्त्राची सीट धरून बसतात.

*अँड्रॉलॉजी.* एमएस जनरल सर्जरी, मग एमसीएच युरॉलॉजी, आणि पुढे पुरुष वंध्यत्वाचं खास प्रशिक्षण. व्हेरिकोसीलची (वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरांची) सूक्ष्म शस्त्रक्रिया, वृषणातून शुक्रजंतू शोधून काढणारी मायक्रो-टेसे. या कामाची माणसं फार कमी आहेत. मुंबई-पुण्याबाहेर तर हुडकावी लागतात. आज एखाद्या हुशार सर्जरी रेसिडेंटने मला विचारलं तर मी त्याला याच दाराकडे पाठवेन.

*एम्ब्रियॉलॉजी लॅब.* म्हणजे जिथे स्त्रीबीज आणि शुक्रजंतूंपासून गर्भ तयार करतात ती प्रयोगशाळा. इथे एमबीबीएस लागतंच असं नाही. जीवशास्त्राच्या पदवीनंतर क्लिनिकल एम्ब्रियॉलॉजीची दोन वर्षांची एमएससी करता येते. मणिपालचा अभ्यासक्रम यात जुना आणि प्रसिद्ध आहे. नीटमध्ये थोडक्यात हुकलेल्या, पण सूक्ष्मदर्शकाखाली हात स्थिर असलेल्या मुलामुलींनी हा मार्ग दुय्यम समजू नये. इक्सी करताना एका शुक्रजंतूला काचेच्या बारीक सुईत घेऊन स्त्रीबीजात सोडणारा हात एम्ब्रियॉलॉजिस्टचाच असतो. लॅबची शिस्त मात्र कडक : अंगाला अत्तर नाही, इनक्युबेटर 37 अंशांवर, द्रव नायट्रोजनच्या टाक्या उणे 196 अंशांवर, आणि डिश हलवण्याआधी दोन माणसांनी नाव आणि नंबर मोठ्याने वाचून ताडून पाहायचा. कंटाळून हे वाचणं टाळणाऱ्याला या खोलीत जागा नाही.

याखेरीज समुपदेशक आणि परिचारिका यांचीही या शाखेत मोठी गरज आहे. क्लिनिकमध्ये समुपदेशक असणं आता कायद्यानेच बंधनकारक आहे.

3. वर्षांचा हिशेब आधीच मांडा

स्त्रीरोगशास्त्राच्या रस्त्याचा हिशेब असा. नीट-यूजी देऊन एमबीबीएस : साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजांच्या 85 टक्के जागा राज्य कोट्यातून सीईटी सेल भरतो, 15 टक्के अखिल भारतीय कोट्यातून जातात. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलं की एक वर्षाची बंधपत्रित सरकारी सेवा येते. नंतर नीट-पीजी आणि तीन वर्षांची रेसिडेन्सी, त्यानंतर पुन्हा बंधपत्र. मग नीट-एसएस देऊन तीन वर्षांचं डीएम किंवा एमसीएच, नाहीतर राष्ट्रीय परीक्षा मंडळाची दोन वर्षांची एफएनबी फेलोशिप. मध्ये एखादं वर्ष परीक्षेच्या तयारीत जातंच. म्हणजे अठराव्या वर्षी सुरुवात केली तर स्वतंत्रपणे उभं राहायला बत्तिशी येते.

हा आकडा घरच्यांना आत्ताच सांगा, मुलींनी तर विशेष करून. पंचविशीपासून घरात लग्नाचा विषय निघतो, आणि दुसऱ्यांच्या मातृत्वासाठी राबणाऱ्या डॉक्टरला स्वतःचं बाळंतपण रेसिडेन्सीत बसवावं लागतं. प्रसूती रजा घेतली तर प्रशिक्षणाचा कालावधी किती वाढतो आणि परीक्षेला कधी बसता येतं, हे कॉलेज निवडतानाच विचारून ठेवा. त्यात संकोच वाटायचं काही कारण नाही.

बंधपत्राचा नियम प्रवेशाच्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतून वाचा, सीनियरच्या सांगण्यावरून नको. हे नियम आणि दंडाची रक्कम शासन वेळोवेळी बदलतं.

4. रेसिडेन्सीत काय मिळवायचं

पीजीची सीट मिळाली की तीन वर्षं लेबर रूम आणि सिझेरियनमध्ये निघून जातात. वंध्यत्वाची ओपीडी आठवड्यातून एखाद दिवस असते आणि त्या दिवशी तुम्हालाच वॉर्डात पाठवलं जातं. तरीही एवढं पदरात पाडून घ्या :

- योनीमार्गातून सोनोग्राफी स्वतःच्या हाताने करणं. फॉलिकल (स्त्रीबीजाची पिशवी) मोजणं हा पुढच्या सगळ्या कामाचा पाया आहे.
- लेट्रोझोल किंवा क्लोमिफेन ही स्त्रीबीज वाढवणारी औषधं देऊन पाळीचं चक्र पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहणं. मधलेच दिवस पाहून काही कळत नाही.
- आययूआय (शुक्रजंतू थेट गर्भाशयात सोडणं), हिस्टेरोस्कोपी (गर्भाशयाची दुर्बिणीने तपासणी) आणि निदानासाठीची लॅप्रोस्कोपी (पोटाची दुर्बिणीने तपासणी).
- जननमार्गाचा क्षयरोग ओळखणं. आपल्या देशात बंद नलिकांमागे हे कारण बरंच आढळतं, आणि परदेशी पाठ्यपुस्तकांत त्याला जेमतेम एक परिच्छेद असतो.
- थेसिसचा विषय शक्य झाल्यास याच शाखेतला. मुलाखतीत त्याचाच उपयोग होतो.

एएमएच या हार्मोनचा रिपोर्ट वाचायलाही इथेच शिका. एएमएच स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देतं. त्यांचा दर्जा सांगत नाही, आणि नैसर्गिक गर्भधारणा होणार की नाही हेही सांगत नाही. कमी एएमएच दाखवून चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलींना घाबरवलं जातं, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. व्याख्याही पाठ असू द्या : वर्षभर नियमित संबंध ठेवूनही गर्भ न राहिल्यास तपासण्या सुरू करायच्या, बाईचं वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच.

5. पुढचं प्रशिक्षण : सगळ्यात जास्त फसगत इथे होते

मान्यताप्राप्त मार्ग मोजके आहेत. दिल्लीच्या एम्समध्ये प्रजनन वैद्यकातलं डीएम आहे, त्याची प्रवेश परीक्षा वेगळी. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात एमसीएच आहे. एफएनबीसाठी राष्ट्रीय परीक्षा मंडळाची फेलोशिप प्रवेश परीक्षा द्यावी लागते. आपल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न फेलोशिपही असतात. दरवर्षी संस्थांची यादी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तपासायची. जागा सगळीकडेच थोड्या.

जागा थोड्या असल्यामुळेच बाजार उभा राहिला आहे. तीन दिवसांचा कोर्स, पंधरा दिवसांचा कोर्स, परदेशी नावाचं प्रमाणपत्र, भिंतीवर लावायला सोनेरी चौकट. फी लाखांत. अशा एका ठिकाणी शिकून आलेली माझी एक ज्युनियर सांगत होती, की पूर्ण काळात तिने एकदाही सुई हातात धरली नाही. काचेपलीकडून बघायचं आणि दुपारी स्लाइड्स ऐकायच्या. शिकवणारे वाईट नव्हते. पण ते शिकवणं नव्हतं, दाखवणं होतं.

म्हणून पैसे भरण्याआधी हे प्रश्न लेखी विचारा :

- किती ओव्हम पिकअप आणि किती ट्रान्स्फर मी स्वतः करणार? "असिस्ट" केलेले यात धरू नका.
- लॉगबुकवर कोण सही करणार? त्यांची स्वतःची पात्रता काय?
- केंद्रात महिन्याला किती चक्रं होतात आणि तिथे फेलो किती?
- लॅबमध्ये बसायला मिळेल का?
- स्टायपेंड मिळणार, की उलट फी द्यायची?
- मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणार का? हो म्हणाले तर तिथे जाऊ नका.
- नंतर त्याच साखळीत अमुक वर्षं नोकरी करण्याचा करार आहे का?

मग तिथल्या मागच्या दोन फेलोंना फोन करा. संस्थेने दिलेल्या नंबरवर नको, तुम्ही स्वतः शोधून काढा.

"स्वतः किती केले" हा प्रश्न एवढ्यासाठी, की आता तो कायद्यातही आला आहे. सहाय्यक जननतंत्रज्ञानाच्या (एआरटी, म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांच्या) 2022 च्या नियमांनुसार क्लिनिकमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पदव्युत्तर पदवीसोबत प्रशिक्षित तज्ज्ञाच्या देखरेखीखाली केलेल्या 50 ओव्हम पिकअपची नोंद हवी, किंवा प्रजनन वैद्यकातली अतिविशेष पदवी वा फेलोशिप आणि एआरटी क्लिनिकमधला किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. एम्ब्रियॉलॉजीच्या एमएससीवाल्यांनाही मानवी एआरटी लॅबमधला तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. सही नसलेलं लॉगबुक त्या दिवशी कामाला येत नाही.

परदेशी जायचा विचार असेल तर फार आधी ठरवा. अमेरिकेत चार वर्षांची ओबीजी रेसिडेन्सी आणि त्यावर तीन वर्षांची फेलोशिप आहे. इथली एमएस झाली म्हणून तिथली रेसिडेन्सी टळत नाही. इथे पीजी करून मग तिकडे शून्यापासून सुरुवात करणारे बघितले की वाईट वाटतं.

6. कायदा हा अभ्यासाचाच विषय समजा

तीन कायदे मुळातून वाचा. पहिला, 1994 चा गर्भलिंग निदान प्रतिबंध कायदा. देशाचा कायदा येण्याआधी 1988 मध्ये असा कायदा महाराष्ट्राने केला होता, हे आपल्या प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असावं. सोनोग्राफी मशीनची नोंदणी, प्रत्येक सोनोग्राफीचा एफ फॉर्म, नोंदवह्या यात लिहिण्याची हयगयही महागात पडते. आणि आयव्हीएफ केंद्रात हा प्रश्न दाराशी येतोच : "दोन मुली आहेत, आता मुलगाच राहील असं बघा." गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडसुद्धा गुन्हा आहे. उत्तर एकच, ठाम आणि पहिल्याच वाक्यात द्यायचं. आढेवेढे घेतले की समोरच्याला आशा वाटते.

दुसरा आणि तिसरा, 2021 चे सहाय्यक जननतंत्रज्ञान आणि सरोगसीचे कायदे. जानेवारी 2022 पासून दोन्ही लागू आहेत. उपचार घेणाऱ्या स्त्रीचं वय 21 ते 50, पुरुषाचं 21 ते 55. स्त्रीबीजदात्री 23 ते 35 वयाची, आयुष्यात एकदाच दान, आणि सातपेक्षा जास्त स्त्रीबीजं काढायची नाहीत. दात्रीचा विमाही काढावा लागतो. आययूआयपुरती मर्यादित क्लिनिक स्तर 1 मध्ये, आयव्हीएफ करणारी स्तर 2 मध्ये, आणि दोघांचीही स्वतंत्र नोंदणी.

जोडीला इतिहासही जाणून घ्या. 1978 मध्ये, जगातल्या पहिल्या टेस्टट्यूब बेबीनंतर 70 दिवसांनी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हे साधलं होतं. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही आणि 1981 मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. 1986 मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी केईएममध्ये हे करून दाखवलं, तेव्हा परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेतले डॉ. टी. सी. आनंद कुमार त्यांच्या सोबत होते. पुढे मुखोपाध्यायांची टिपणं वाचून, पहिला मान त्यांचा आहे, हे जाहीरपणे सांगितलं ते याच आनंद कुमारांनी. नोंदी नीट ठेवणं आणि दुसऱ्याचं श्रेय दुसऱ्याला देणं, दोन्ही यात आलं.

7. कागदपत्रांची फाइल

एक फाइल आजच करा, आणि प्रत्येक कागदाची स्कॅन प्रत ठेवा :

- दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, नीटची गुणपत्रिका, अधिवास आणि राष्ट्रीयत्व दाखला
- लागू असल्यास जात प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन-क्रीमी लेयर किंवा ईडब्ल्यूएस. वैधतेला महिनोन्‌महिने लागतात; प्रवेश जवळ आल्यावर धावपळ करून काही होत नाही.
- एमबीबीएसची पदवी, सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, प्रयत्न प्रमाणपत्र (अटेम्प्ट सर्टिफिकेट), इंटर्नशिप पूर्ण केल्याचा दाखला
- महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, त्यासाठी 30 क्रेडिट गुण लागतात. पीजीनंतर वाढीव पात्रतेची नोंदणी वेगळी करायची, आणि हेच पुष्कळजण विसरतात.
- बंधपत्र पूर्ण केल्याचा किंवा मुक्त केल्याचा दाखला
- लॉगबुक, प्रत्येक पानावर सही आणि तारीख
- अनुभव प्रमाणपत्र, त्यात केंद्राचा एआरटी नोंदणी क्रमांक लिहिलेला

8. पहिली नोकरी

पगाराआधी दोन गोष्टी बघा. पहिली, तिथे "नाही" म्हणायची मुभा आहे का? बेचाळिशीतल्या बाईला स्वतःच्या स्त्रीबीजांनी यश मिळण्याची शक्यता फारच कमी आहे, हे सांगितल्यावर वरिष्ठ नाराज होतात का, की पाठीशी उभे राहतात? महिन्याला इतक्या चक्रांचं टार्गेट असेल तर उत्तर तुम्हाला मिळालंच.

दुसरी, यशाचा आकडा कसा मोजतात? सुरू केलेल्या प्रत्येक चक्रामागे की फक्त ट्रान्स्फरमागे? पॉझिटिव्ह टेस्ट धरतात की घरी नेलेलं बाळ? "सत्तर टक्के यश" असं लिहिलेल्या बोर्डामागचा हिशेब विचारा, आणि तो सांगता आला नाही तर दुसरीकडे अर्ज करा. गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात सरकारी आयव्हीएफची सोय झाली आहे. अशा सरकारी केंद्रांत जागा निघाली तर पगार कमी वाटला तरी आवर्जून अर्ज करा. पैशांअभावी माघारी गेलेली जोडपी तिथे येतात, आणि खर्चाचा विचार करून उपचार आखायला तिथेच शिकायला मिळतं.